पान नंबर नसलेलं पुस्तक

पहिलं पान उघडलं तर समोर सायकल.

‘हे काय आहे?’ मी विचारलं.

बाळाक्का खळीत बुडवलेला ब्रश तसाच हातात धरून उभी होती. तिने एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ‘पुस्तक हाय की,’ ती म्हणाली.

मी पुढचं पान उलटलं, त्याच्या पुढचं उलटलं. टेबलावर बारा प्रती होत्या, मागच्या रॅकवर वजनाखाली दाबून ठेवलेल्या कितीतरी, आणि भिंतीलगत गठ्ठेच्या गठ्ठे बांधून तयार. मी चार वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून एकेक प्रत ओढून काढली. सगळीकडे पहिली सायकलच. सगळ्या सहाशे प्रती तशाच चिकटवून झाल्या होत्या. शुक्रवारची सकाळ होती आणि रविवारी आमच्या शाळेच्या सभागृहात प्रकाशन होतं.

ही गोष्ट सांगलीतल्या पारिसअण्णा मगदूम यांच्या छापखान्यातली, चोवीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते आणि मला स्वतःबद्दल फार मोठे गैरसमज होते. दीड वर्ष खपून मी लहान मुलांसाठी एक पुस्तक काढलं होतं. त्यात एकही शब्द नव्हता. सोळा चित्रं, प्रत्येक चित्र समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं आणि प्रत्येकात एक अक्षर लपलेलं. कमरेवर हात ठेवून उभी असलेली बाई म्हणजे क. काठी टेकत चाललेला म्हातारा म्हणजे ग. सायकलची दोन चाकं म्हणजे ळ. सगळ्या चित्रांतून वरच्या बाजूला, एकाच उंचीवर, एक आडवी रेघ जात होती. ती कधी विजेची तार व्हायची, कधी कपडे वाळत घालायची दोरी, कधी विहिरीवरचा आडवा वासा. त्या शिरोरेघेखालून लाल झग्यातली, दोन वेण्यांची एक मुलगी गावभर हिंडत होती. तिला नाव नव्हतं.

पारिसअण्णांची नात माझ्या वर्गात होती, म्हणून पुस्तक त्यांनी हौसेने छापायला घेतलं. पण चित्राखाली निदान ‘क कमळाचा’ असं तरी टाका, नाहीतर पालक विचारतील शिकायचं काय, असं त्यांचं म्हणणं होतं. मी ऐकलं नाही. एकही छापील अक्षर नको, म्हणजे पान नंबरही नको, असा माझा हट्ट. ‘आणि बाइंडिंगला काय कळणार मग?’ असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी त्यांना जरा ऐटीतच म्हटलं की डमी देते की करून.

डमी म्हणजे पुस्तकाची हाताने जुळवलेली नमुना प्रत. छापखान्यात काम पुढे सरकतं ते तिच्या बरोबरीने. ज्याच्या हातात काम त्याच्या शेजारी डमी, आणि शंका आली की डमी बघायची. आमच्या पुस्तकाला तर ती फारच गरजेची होती. नेहमीच्या पुस्तकात मोठ्या कागदावर सोळा-सोळा पानं एकत्र छापून घडी घालतात, त्यामुळे आतली पानं इकडची तिकडे होत नाहीत. आमची पानं जाड. प्रत्येक चित्र वेगळ्या कार्डावर एका बाजूने छापलेलं, मधोमध घडी घातलेलं, आणि अशा सोळा घड्या पाठीला पाठ लावून चिकटवायच्या. कोणती आधी, कोणती नंतर, ते पूर्णपणे चिकटवणाऱ्याच्या हातात.

आणि ती डमी मी मंगळवारी उचलून कोल्हापूरला नेली होती. माझ्या जुन्या सरांना दाखवायची होती. खरं सांगायचं तर मिरवायची होती. जाताना मी एका कागदावर सोळा अक्षरं ओळीने लिहिली, क, ग, छ, ज पासून थेट ळ पर्यंत, आणि तो कागद बाइंडिंग खात्यात बाळाक्काच्या हातात दिला. ‘ह्या क्रमाने लावा,’ म्हटलं. तिने कागदावरून नजर फिरवली, नीट चौघडी करून कमरेला खोचला आणि ‘व्हय बाई’ म्हणाली. मला एस. टी. गाठायची होती.

बाळाक्का कोळेकर त्या खात्याची मुकादम. चाळिशी उलटलेली, उंच, हाताला कायम खळीचा वास. एकोणीस वर्षं तिथे होती. तिच्या हाताखाली पाच बायका होत्या आणि कुणाच्याही बोटाखालून पान वाकडं गेलेलं तिला पाठमोरी असतानाही कळायचं असं सगळे म्हणत. घरात मिळवती ती एकटीच, आणि मुलगी मिरजेला नर्सिंगला. कामाच्या कागदावर सही मात्र ती अशी झोकात करायची की अण्णा तिला मुद्दाम चिडवायचे, कलेक्टरीण आली म्हणून.

अण्णांची थट्टा वेगळी आणि काम वेगळं. दोनच महिन्यांपूर्वी इंदू नावाच्या बाईने एका देवस्थानच्या दिनदर्शिकेत दोन महिने उलटसुलट शिवले होते. दुसऱ्या दिवशी इंदू नव्हती. बायकांनी रदबदली केली, तर अण्णा म्हणाले की ज्याला पान कळत नाही त्याने पानाला हात लावू नये. तो विषय तिथेच संपला.

हे सगळं मला ठाऊक होतं, तरी त्या सकाळी माझ्या डोक्यात एकच विचार होता, की माझं पुस्तक मातीत गेलं.

‘मी यादी दिली होती ना तुम्हाला?’ मी आवाज चढवला. बाकीच्या बायका माना खाली घालून ऐकत होत्या. ‘स्पष्ट अक्षरात लिहून दिलं होतं. ते न बघता मनाला येईल तसं लावलंत?’

‘मनाला येईल तसं न्हाई, बाई. चितरं बघून लावल्यात.’

‘पण चिठ्ठी होती ना?’

तिने कमरेची चिठ्ठी काढली, उलगडली, माझ्यापुढे धरली. अगदी सुलटी धरली. इतकी वर्षं छापलेल्या ओळी बघून रेघ वर असते एवढं तिला पाठ होतं. मग हलक्या आवाजात, शेजारच्या बाईलाही ऐकू जाणार नाही अशा बेताने, ती म्हणाली, ‘चिठ्ठीत चितरं कुटं हुती?’

मला समजायला थोडा वेळ लागला. एकोणीस वर्षं जिच्या हाताखालून शाळेची, कॉलेजची पुस्तकं गेली, तिला वाचता येत नव्हतं. आकडे ओळखायची, म्हणून पानं जुळवायची. सही म्हणजे तिने बसवलेलं एक चित्र होतं. मी चित्रांत लपवलेली अक्षरं तिला दिसणारच नव्हती. तिला फक्त बाई, म्हातारा, सायकल दिसणार. शब्दांवाचून पुस्तक करण्याचा टेंभा मिरवणारी मी, आणि सूचना मात्र लिहून ठेवून गेले होते. माझी मलाच लाज वाटली. पण राग काही कमी झाला नाही, हेही तितकंच खरं.

तिने माझ्या हातातली प्रत घेतली आणि टेबलावर ठेवून पहिल्यापासून उघडली. तिचं बोट जाड होतं, नखाच्या कडेला खळ वाळलेली. ‘बगा,’ ती म्हणाली. ‘हितं सावल्या लांब हायत. म्हंजे सकाळ. सायकलवाला कामावर निगालाय. ही पोरगी दारात हुबी हाय, दोन्ही येण्यांना रिबिनी. हितं बी दोन. हितं बी दोनच. आनि मग ही हिर येती.’ पाचव्या चित्रावर तिचं बोट थांबलं. विहिरीवरचा वासा, खाली दोर, दोराला झुलणारी बादली, तो माझा व होता.

तेवढ्यात दाराशी अण्णांच्या वहाणा वाजल्या. बायकांचे हात भरभर चालायला लागले.

अण्णांना कुणीतरी आधीच वर्दी दिली असावी. त्यांनी टेबलावरची प्रत उचलली, पहिलं पान बघितलं, चष्मा कपाळावर चढवला. अक्षरं कुठे लपली आहेत ते मी त्यांना पूर्वी एकेक करून दाखवलं होतं, त्यामुळे त्यांना लगेच कळलं.

‘क कुठाय?’ त्यांनी विचारलं. ‘बाई, हे ळ पासून सुरू झालंय. डमीशी ताडून बघितलं का कुणी?’

डमी माझ्या खांद्याच्या झोळीत होती. मी कोपराने झोळी अंगाशी दाबून धरली. अण्णा पानं उलटत होते आणि मी त्यांच्या बाजूला उभी राहून बघत होते. सहाव्या चित्रात मुलीच्या एकाच वेणीला रिबीन होती. सातव्यात एकच. त्यापुढे शेवटपर्यंत एकच. दीड वर्षात कधी मी दोन काढल्या होत्या, कधी दुसरी काढायची विसरले होते. माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. क, ग, छ च्या ओळीत ती चूक विखरून कुठेही जाऊन पडली होती. इथे, या ओळीत, ती चूक नव्हती. मुलगी दोन रिबिनी बांधून घरातून निघत होती, आणि संध्याकाळच्या लांब सावल्यांत एक रिबीन हरवून घरी परतत होती. माझ्या सोळा सुट्या चित्रांची गोष्ट झाली होती.

‘कुणी लावली ही ओळ?’ अण्णांनी पुस्तक मिटलं. त्यांचा आवाज शांत होता आणि तो शांत झाला की बायका घाबरत.

बाळाक्का एक पाऊल पुढे आली. ‘अण्णा, त्ये मी—’

‘मी सांगितली तशीच लावली आहे,’ मी म्हटलं.

अण्णा माझ्याकडे वळले. तुम्हाला तर मुळाक्षरांच्या क्रमाने हवं होतं, असं ते म्हणाले. मी म्हटलं, तो आधीचा विचार, नंतर बदलला, डमी जुनी झाली. मुलं अक्षरं रांगेत शिकतात, मला ती रांग मोडायची होती. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा एकदा पुस्तक चाळलं. मी त्यांना रिबीन दाखवली. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली. ‘हे आधी सांगायला काय झालं होतं?’ असं काहीतरी पुटपुटत ते बाहेर गेले.

मी बाळाक्काकडे पाहिलं. मला वाटलं, तिच्या डोळ्यांत पाणी असेल. ती पाठ करून खळीच्या पातेल्याकडे गेली होती. माझ्याशी ती एक शब्द बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि गठ्ठे न्यायला शनिवारी गेले तेव्हाही नाही. मी मनाशी म्हटलं, बिचारीला संकोच वाटत असेल. तिची नोकरी वाचवली, तिचं गुपित झाकलं, आणि चारचौघांत तिला आभारही मानायला लावले नाहीत, याचं मला तेव्हा फार समाधान वाटलं होतं. डमी माझ्याकडे होती हेही त्याबरोबर झाकलं गेलं, ते मी समाधानात धरलं नाही.

पुढचं सगळं पटापट झालं. पुस्तक मुलांना आवडलं. पुण्याच्या एका मासिकात त्यावर लिहून आलं, ‘एका हरवलेल्या रिबिनीची गोष्ट’. दुसऱ्या आवृत्तीच्या मागच्या कव्हरवर आम्ही तेच शब्द छापले. पुरस्कार मिळाला. शब्द नव्हतेच, त्यामुळे पुस्तक भाषांतरावाचून कुठे कुठे गेलं. जिथे बोलावलं तिथे मला एक प्रश्न हमखास विचारला जायचा, अक्षरांचा क्रम मोडून हरवण्याची गोष्ट सांगायची, ही कल्पना सुचली कशी? पहिल्या वेळी उत्तर देताना मी अडखळले. पाचव्या वेळेपर्यंत उत्तर गुळगुळीत झालं. खरं सांगितलं तर बाळाक्काची नोकरी जाईल, हे कारण माझ्याजवळ तयार होतं आणि ते खोटंही नव्हतं. वर्षं गेली तसतसं मला अधूनमधून खरंच वाटायला लागलं की ती ओळ मलाच सुचली होती.

मग अण्णा गेले. छापखाना त्यांच्या मुलाने बंद केला. यंदा पुण्याच्या एका प्रकाशकांनी नवी आवृत्ती काढायचं ठरवलं आणि माझ्याकडे चार ओळींचं मनोगत मागितलं. मी लिहायला बसले आणि माझं कारण संपलंय हे माझ्या लक्षात आलं. आता कुणाची नोकरी जाणार नव्हती. तीन दिवस मी नुसती कागदापुढे बसले आणि चौथ्या दिवशी कुपवाडला गेले.

बाळाक्का मुलीकडे राहत होती. मुलगी ड्युटीवर, नात कॉलेजला. म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. उंची तेवढीच, पण अंगावर मांस राहिलं नव्हतं. तिने मला लगेच ओळखलं. ‘या बाई,’ म्हणाली, जणू मी मागच्याच आठवड्यात येऊन गेले होते. चहा झाला. मुलीचं, नातीचं, अण्णांचं बोलून झालं. मग मी धीर करून विषय काढला. नव्या आवृत्तीत तिचं नाव घालायचं आहे, चित्रांची मांडणी बाळाक्का कोळेकर यांची, असं. फक्त तिची परवानगी हवी. आता कुणी काही बोलणार नाही, तेव्हा तिची नोकरी जाऊ नये म्हणून मला तसं सांगावं लागलं होतं.

ती शेंगा फोडायची थांबली.

‘कुणाची नोकरी?’

‘तुमची. अण्णांना कळलं असतं की तुम्हाला वाचता—’

‘अण्णाला ठावं हुतं की. पैल्या दिसापासनं. मला आकडे त्येनंच शिकवलं.’

तिने हातातली शेंग खाली ठेवली.

‘तुमाला वाटलं, मी चूक कबूल कराय पुढं आले,’ ती म्हणाली. ‘व्हय ना?’

मी मान हलवली.

‘मी सांगाय आले हुते. तीन दिस जेवान गोड लागलं न्हवतं मला. रोज सोळा कारडं मांडायची, मोडायची, परत मांडायची. बायका हसायच्या. मग बेस्तरवारी सकाळी सगळं जागच्या जागी बसलं, आनि रातभर बसून सगळ्यांनी चिकटवलं. जलमात पैल्यांदा पुस्तक वाचलं बगा मी. म्हटलं, अण्णाला सांगावं, ही ओळ मी लावली. आनि तुमी म्हनला, मी सांगितली तशीच लावलीय.’ तिने टरफलं पदराने एका बाजूला सारली. ‘तुमी शिकलेल्या. त्येच्यावर मी काय बोलनार?’

मला तिच्याकडे बघवेना. चोवीस वर्षं मी त्या वाक्याला माझा मोठेपणा समजत होते. तिच्या हातचं एकच काम तिचं स्वतःचं होतं, आणि ते तिच्या तोंडातून मी ओढून घेतलं होतं. मी म्हटलं, बाळाक्का, माझं चुकलं. ती पुन्हा शेंगा फोडायला लागली.

मी विचारलं, ‘काय सांगणार होता तुम्ही अण्णांना?’

ती उठली, आत गेली आणि पुस्तक घेऊन आली. पहिल्या आवृत्तीची प्रत, कडा मऊ पडलेल्या, पण एकही पान सुटलेलं नाही. तिने ते दोघींच्या मध्ये ओट्यावर ठेवलं आणि सरळ विहिरीचं पान उघडलं.

‘अण्णा आत आलं तवा माजं बोट हितं हुतं,’ ती म्हणाली. बोट तिथेच ठेवलं, दोराच्या मधोमध. तिथे एक लाल गाठ होती. ‘बगा. दोर तुटला हुता. पोरीनं रिबीन सोडली आनि दोराला बांदली. म्हनून तर फुडच्या पानात घागर भरलेली हाय. लोकं म्हनत्यात हरवली. नातीनं वाचून दावलं मला, नव्या पुस्तकावर मागं तसं छापलंय. हरवली न्हाई, बाई. तिनं दिली.’

ती गाठ मला आठवली. रंगवताना ब्रशमधून लाल थेंब दोरावर सांडला होता आणि तो झाकायला मी तिथे गाठ काढली होती. इतक्या जणांनी ते पुस्तक पाहिलं, मी स्वतः शेकडो वेळा पाहिलं, पण कुणालाच ती दिसली नाही. मी तिला थेंबाचं सांगून टाकलं. आता काहीही लपवायची माझी हिंमत नव्हती.

बाळाक्का हसली. पुढचे दोन दात नव्हते. ‘सांडला आसंल,’ ती म्हणाली. ‘पर दोर तुटला हुता.’

‘मग नाव घालू ना तुमचं?’

‘घाला. सई मी करून देते, तीच छापा. पर आदी ते मागचं काडा, हरवलेली बिरवलेली.’

‘त्याच्या जागी काय लिहू?’

‘काय बी नगं. बगनाऱ्याला दिसंल.’ तिने मला जरा सरकून बसायला सांगितलं, म्हणजे उजेड पानावर पडेल, आणि पान उलटलं. अजून अकरा चित्रं बाकी होती.